रोजनिशी, साक्ष आणि उचंत खात्यातली एक नोंद



मागच्या मे महिन्यात माझी नात बेंगळुरूहून चार दिवस बेळगावला आली होती. वय चोवीस, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. वर्षभर तिचं काही ठीक चाललेलं नव्हतं. काय ते इथे सांगत नाही, तिची गोष्ट तिची. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर ती एक कोरी वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, कौन्सेलरनी जर्नलिंग करायला सांगितलंय. रोज मनात येईल ते लिहायचं. पण पेन हातात घेतलं की काही सुचतच नाही. तुम्ही रोज लिहिता ना? मग शिकवा की."

मला हसू आलं ते त्या शब्दाचं. आमच्या घरात याला रोजनिशी म्हणत. माझी आत्या तर 'प्रभूजवळचा हिशेब' म्हणायची. नातीला वाटत होतं की ही पद्धत परदेशातून मोबाईलवर आली. मी म्हटलं, "अगं, आपलं दुःख लिहून देवापुढे ठेवायची रीत आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आणि ती पाडणाऱ्यांतला एक मोठा माणूस या बेळगावातच जन्मला." मग तीन रात्री तिला तीन माणसांच्या गोष्टी सांगितल्या आणि चौथ्या रात्री माझी स्वतःची. तेच आज इथे लिहितो. इथे वाचणारी घरं सगळ्या धर्मांची आहेत हे मला ठाऊक आहे. कुणाला धर्म शिकवायला मी बसलेलो नाही. मी साधा बी.कॉम. झालेला निवृत्त बँक अधिकारी. पाळक नाही, प्राध्यापकही नाही.

आधी आमच्याविषयी थोडं. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली बेळगावात काम सुरू केलं. जोसेफ टेलर हे त्यांचे इथले पहिले मिशनरी. पुढे हे काम मेथडिस्ट मिशनकडे आलं. आमचं घराणं त्यातलंच. घरात बायबल मराठी, बाजारात कन्नड, बँकेत इंग्रजी. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, पण आमच्या आईची प्रार्थना मराठीतच राहिली. माणूस रडतो आणि प्रार्थना करतो ती आपल्याच भाषेत, त्याला राज्य पुनर्रचना लागू होत नाही.

आमच्या मंडळीत एक जुनी पद्धत आहे, साक्ष देण्याची. उपासनेत कुणीतरी उभं राहतं आणि आपल्यावर काय संकट आलं, प्रभूने त्यातून कसं तारलं हे सांगतं. लहानपणी मी अशा पुष्कळ साक्षी ऐकल्या. त्यांत एक गोष्ट नेहमी सारखी असायची, शेवट. आजार बरा झाला, नोकरी लागली, दारू सुटली. आणि ज्यांचं काहीच सुटलेलं नसायचं ती माणसं मागच्या बाकावर गप्प बसून असायची. त्यांची साक्ष कुठे जायची? ती वहीत जायची, हे मला फार उशिरा कळलं. ते कळायला या तीन माणसांचं लेखन कारणीभूत झालं.

पहिले बाबा पदमनजी. जन्म बेळगावचा, १८३१ सालचा. त्वष्टा कासार समाजातलं घर, वडील सरकारी नोकरीत. बाबांचं सुरुवातीचं शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत झालं, पुढे मुंबईला. मुंबईत ते परमहंस सभेत जात. जातिभेद मानायचा नाही असं ठरवलेल्या मंडळींची ती सभा, आणि तीही गुप्तपणे भरणारी. १८५४ साली बाबांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. त्यांची 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या हालांवरची कादंबरी १८५७ सालची, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण मी नातीला सांगितलं ते 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्राविषयी. ते १८८८ साली छापून आलं.

आता बँकवाल्याने तारखा मांडून बघाव्यात तशा बघा. बाप्तिस्मा १८५४, पुस्तक १८८८. मध्ये चौतीस वर्षं. एवढ्या वर्षांनी माणूस लिहायला बसला तर काय लिहील? मी किती शूर होतो, हेच ना? बाबांनी तसं केलं नाही. आपण किती घाबरलो, मनात एक आणि घरात दुसरं असं किती दिवस वागलो, आईवडिलांच्या दुःखाची भीती कशी पाय मागे ओढत होती, हे सगळं त्यांनी मांडलं. त्यांचा शेवट विजयाचाच आहे, तेही साक्षच देत होते. पण त्या साक्षीत त्यांनी आपली चलबिचल खोडून काढली नाही. आमच्या गावच्या माणसाने आपली भीती छापून ठेवली याचं मला फार मोल वाटतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईने रमेला. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात थोड्या काळात वडील, आई आणि मोठी बहीण गेली. आईच्या तिरडीला माणसं मिळेनात, तेव्हा ठेंगण्या रमेने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. उरलेला भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ साली तेही पटकीने गेले. कडेवर मनोरमा, वय वर्षं एक देखील नाही. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्याही नव्हत्या. माझ्या नातीच्या वयाच्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथे त्यांचं मन शांत झालं असं समजू नका. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्यांचे पत्रांतून खूप वाद झाले. ती पत्रं आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. ही बाई कुणाचंही, अगदी आपल्या उपकारकर्त्यांचंही म्हणणं पटल्याशिवाय मानत नाही. पुढे १९०७ साली त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. तिच्यात स्पष्ट सांगितलं की बाप्तिस्मा घेतला तेव्हा धर्म मिळाला, पण मनाला हवं होतं ते बऱ्याच वर्षांनी सापडलं. असं लिहायला धैर्य लागतं. तोवर त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या, केडगावचं मुक्ती मिशन उभं होतं. आपण मधली काही वर्षं कोरडे होतो, असं कोण लिहितं?

त्यांचं दुसरं लिखाण त्याहून आधीचं, १८९७ सालचं, दुष्काळाच्या अनुभवांवरचं. मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि अनाथ मुली घेऊन आल्या. तिथल्या उपाशी मुली पाहिल्या आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा आपला दुष्काळ त्यांना पुन्हा आठवला. तो त्यांनी लिहून काढला. मी नातीला म्हटलं, "बघ, दुःख लिहिल्याने ते गेलं नाही. पण ते कामाला लागलं. त्याच्या जोरावर शेकडो मुलींना घर मिळालं." १९२१ साली मनोरमाही गेली. आईच्या आधी लेक. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. ते काम पुरं करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला.

तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. यांची ओळख मराठी माणसाला करून द्यायला नको. 'स्मृतिचित्रे' ज्या घरात नाही ते मराठी घर नव्हे, असं आमचे एक मास्तर म्हणायचे. जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं अतिरेकी. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न. अक्षरओळखही लग्नानंतरची. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचं जग कोसळलं. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. लहान मुलाला घेऊन पाच-एक वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या. त्याच विरहाच्या दिवसांत त्यांनी कविता लिहिल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला दुःखाने लिहितं केलं. पुढे त्या नगरला टिळकांकडे गेल्या, सोवळं हळूहळू आपल्या विचारानेच सुटलं, आणि मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहिणार होता. त्याला उपयोग व्हावा म्हणून आईने आठवणी लिहायला घेतल्या आणि त्यांतून १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' चार भागांत आली. म्हणजे ज्या घटनेने आयुष्य उभं चिरलं, ती चाळीस वर्षांनी लिहिली. आणि लिहिली ती कशी! हसवत. टिळकांचा राग, त्यांचा विसरभोळेपणा, घरात होतं नव्हतं ते कुणालाही देऊन टाकण्याची सवय, त्यापायी आपले झालेले हाल, सगळं आहे. नवऱ्याला देव केलं नाही आणि राक्षसही केलं नाही. पोटची मुलं गेल्याचं दुःख सांगतानाही कुठे आक्रस्ताळेपणा नाही. टिळकांचं अपूर्ण राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पुरं केलं. ज्या श्रद्धेने संसार मोडला, त्याच श्रद्धेचं काव्य नवऱ्यामागे बायकोने तडीला नेलं. मनातली अढी पूर्ण गेल्याशिवाय हे होत नाही.

इथे नातीने मला अडवलं. म्हणाली, "आजोबा, ही सगळी मोठी माणसं. त्यांनी नंतर लिहिलं, सगळं निस्तरल्यावर. मला तर आत्ता लिहायचंय, काहीच निस्तरलेलं नसताना."

प्रश्न बरोबर होता. म्हणून मी बायबल काढलं आणि स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र तिला वाचायला दिलं. त्यात एक माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतो, तक्रार करतो, आणि उत्तर येत नाही. स्तोत्र संपतं ते अंधारात. बाकीच्या बहुतेक तक्रारीच्या स्तोत्रांत निदान एखादी ओळ आशेची असते, इथे तीही नाही. तरी ते स्तोत्र कुणी गाळलं नाही, देवळातल्या उपासनेच्या पुस्तकात ते इतकी शतकं टिकलं. यरुशलेमच्या नाशानंतर लिहिलेलं विलापगीत तर अख्खं पुस्तकच रडण्याचं आहे. याचा अर्थ मला असा लागला. साक्ष द्यायला शेवट गोड लागतो, पण देवाला लिहायला लागत नाही. रोजनिशी ही न संपलेल्या गोष्टीची जागा आहे. फक्त ती भिंतीशी बोलल्यासारखी लिहायची नाही. कुणीतरी ऐकणारा आहे असं धरून लिहायची. त्या स्तोत्रातला माणूस देवाशी भांडतो, पण भांडतो देवाशीच, पाठ फिरवून निघून जात नाही.

नातीने मग फोनवर शोधून मला एक गोष्ट दाखवली, तीही इथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला लावलं. काहींनी किरकोळ विषयावर लिहिलं. काहींनी आयुष्यातल्या मोठ्या आघाताची नुसती हकीकत लिहिली, काहींनी नुसत्या भावना, आणि काहींनी हकीकत अधिक भावना. लिहिल्यावर लगेच या शेवटच्या लोकांना बरं वाटलं नाही, उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात जायची वेळ त्यांच्यावर कमी आली. आणि ज्यांनी नुसती हकीकत लिहिली, त्यांना किरकोळ विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा फारसा फायदा झाला नाही.

हे वाचून मी गप्पच झालो. कारण नुसती हकीकत लिहिणारा माणूस मीच होतो.

आता माझी गोष्ट. २००३ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. कुटुंब बेळगावात. बँकेत काम केलेल्यांना मार्च महिना म्हणजे काय ते सांगायला नको. मार्चच्या मध्यावर पत्नीचा फोन आला. छातीत जडजड वाटतंय, जिना चढताना दम लागतो, म्हणाली. मी म्हटलं, "ॲसिडिटी असेल. क्लोजिंग होऊ दे. एक तारखेला येतो, मग मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ." ती म्हणाली, "बरं." तिने तो विषय पुन्हा काढला नाही, मीही विचारलं नाही. २९ मार्चच्या पहाटे ती प्रभुघरी गेली. मला कुणी थांबवून ठेवलं नव्हतं हे स्पष्ट लिहितो. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही.

दफनविधी झाला. लोक म्हणाले, किती शांत माणूस, विश्वासाने उभा आहे. मी शांत नव्हतो, बधिर होतो. चार दिवसांनी मी शाखेत जाऊन बसलो आणि राहिलेलं क्लोजिंग पुरं केलं. एक पैशाचा फरक राहिला नाही.

तेव्हा मिरजेहून माझी आत्या आली. वय ऐंशीच्या घरात, आयुष्यभर नर्स म्हणून नोकरी केलेली. ती रोज रात्री रोजनिशी लिही, चाळीस वर्षं लिहीत आलेली. मला रडू येत नाही हे तिने बघितलं. एक दिवस वही पुढे टाकून म्हणाली, "रडता येत नाही नव्हे? मग लिही. देवाला पत्र लिही. मायना घालू नकोस, त्याला चालतंय. रोज चार गोष्टी लिही. तारीख. काय झालं. मनाला काय वाटलं. आणि देवाकडे काय मागायचंय." मी म्हटलं, "आत्या, मला असलं जमत नाही." त्यावर ती म्हणाली, "हिशेब जमतोय की तुला. हासुद्धा हिशेबच."

मी लिहायला लागलो, पण कसा? व्हाऊचर भरावं तसा. तारीख, सकाळी फिरायला गेलो, वीजबिल भरलं, पाळक साहेब येऊन गेले. तिसऱ्या रकान्यात, मनाला काय वाटलं तिथे, एक आडवी रेघ. चौथ्यात 'सर्वांना सुखी ठेव'. अशी कितीतरी वर्षं गेली. २००९ साली निवृत्त झालो, वह्या भरत गेल्या, रेघ तशीच.

बँकेत एक उचंत खातं असतं, आपण त्याला सस्पेन्स म्हणतो. एखादी रक्कम कुठल्या खात्याची ते लगेच कळलं नाही की तात्पुरती तिथे टाकतात. नियम असा की ती तिथे फार दिवस ठेवायची नाही. शोधायची आणि योग्य खात्याला वर्ग करायची. तपासनीस आला की आधी तेच खातं उघडतो, कारण गडबड असली तर तिथेच सापडते. तो मार्चमधला फोन मी उचंत खात्यात टाकला होता. दरवर्षी नवी वही, आणि तीच नोंद मागच्या पानावरून पुढे.

निवृत्तीनंतर वेळ होता म्हणून 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचलं. कॉलेजात वाचलं होतं तेव्हा हसलो होतो. या वेळी मला वेगळंच दिसलं. ही बाई आपला स्वतःचा हट्ट, आपला राग, आपलं चुकलेलं, सगळं तितक्याच सरळपणे सांगते. स्वतःला सूट देत नाही आणि स्वतःला शिक्षाही देत बसत नाही. मग वाटलं, हिला जमतं तर मला का जमू नये? त्या रात्री तिसऱ्या रकान्यात मी पहिल्यांदा रेघ मारली नाही. लिहिलं की तिने फोन केला होता आणि मी गेलो नाही. मला वेळ नव्हता असं नव्हे. मला भीती होती की खरंच काही मोठं निघालं तर क्लोजिंग सोडावं लागेल. आणि लिहिलं की देवा, मला तुझाही राग येतो, कारण तू दोन दिवस थांबला नाहीस. हे लिहिताना हात थरथरत होता. प्रार्थनेत मी असं कधी बोललो नसतो. त्या रात्री मी रडलो, तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं का? नाही. आठवडाभर जेवण गेलं नाही. पण पुढच्या महिन्यापासून झोप लागायला लागली.

आमच्यात पापांगीकार म्हणतात, आपलं पाप आपल्या तोंडाने कबूल करणं. लहानपणापासून तो दर उपासनेत सगळ्यांबरोबर म्हणत आलो होतो. सगळ्यांबरोबर म्हटलं की त्यात आपलं नेमकं कुठलं, हे कुणी विचारत नाही. वहीत मात्र तारखेसकट लिहावं लागतं. क्षमा मिळते ही माझी श्रद्धा आहे, पण ती मोघम नोंदीला कशी मिळणार?

चौथ्या रात्री हे सगळं नातीला सांगितलं. तिने एकच विचारलं, "बाबांना माहीत आहे?" तिचे बाबा म्हणजे माझा मुलगा. त्याच्या आईला त्या पहाटे दवाखान्यात त्यानेच नेलं होतं. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग अजून एक नोंद राहिली की."

मुलगा याच गावात, वेगळ्या घरात राहतो. रविवारी उपासनेनंतर तो घरी आला तेव्हा ते पान मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं, बाबा. तो फोन मीच लावून दिला होता. मी शेजारीच उभा होतो." मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "मी पण तिला त्या दिवशी डॉक्टरकडे नेलं नाही. तुम्ही एक तारखेला येणार म्हणून मी पण थांबलो." बावीस वर्षं बाप-लेक एकाच गावात, एकाच बाकावर बसून प्रार्थना करत होतो, आणि दोघांच्याही मनात एकच नोंद. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग त्याने चहा केला. संध्याकाळी दोघं दफनभूमीत जाऊन आलो, तिच्या कबरीवरचं गवत काढलं.

हे लिहायला मी मुलाची आणि नातीची परवानगी घेतली आहे.

नातीला जाताना एवढंच सांगितलं. आत्याचे चार रकाने पुरेत. तिसरा टाळू नकोस, आणि चौथ्यात जे खरंच हवं तेच माग, शोभेसाठी मागू नकोस. रोज पंधरा-वीस मिनिटं, मग वही मिटायची आणि झोपायचं, रात्रभर उगाळत बसायचं नाही. आणि कौन्सेलरकडे जाणं सोडायचं नाही. आत्या स्वतः नर्स होती. ती प्रार्थनाही करायची आणि औषधाची वेळही चुकवायची नाही, दोन्ही देवाचंच मानायची.

शेवटी एक विनंती. आत्या गेल्यावर तिच्या चाळीस वर्षांच्या वह्या घरातल्यांनी आवरासावर करताना रद्दीत दिल्या. तीनच वाचल्या, त्याही मसाल्याच्या डब्यामागे राहिल्या म्हणून. बेळगाव असो, गोवा असो, इंदूर, बडोदा, हैदराबाद असो, आपल्या सगळ्यांच्या माळ्यावर अशी एखादी वही असेल. आजीची, मावशीची, काकांची. हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहिलेली. ती टाकू नका. लगेच वाचायची घाई करू नका, पण टाकू नका. पदमनजींना चौतीस वर्षं लागली, लक्ष्मीबाईंना चाळीस, मला बावीस. कुणाला कधी लागेल ते सांगता येत नाही.

माझ्या नातीने पहिलं पान भरल्याचं परवा फोनवर कळवलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.